हिंगुळाचा ठिपका

मी, गोदावरी पुंजाराम निंभोरकर, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेली गणिताची शिक्षिका, अविवाहित, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करावे हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध जागेवर आहे. हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण तिचा डोक्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो आणून पाहिला गेला होता, त्याची हकीकत कलम दोनमध्ये येईल. वकिलांनी टाइप केलेला मसुदा दिला होता, त्यात जागोजागी ‘प्रेमापोटी’ असा शब्द होता. मी तो परत केला. कोण कशापोटी काय करतो हे मला सदुसष्ट वर्षांत नीटसे कळलेले नाही, तेव्हा सही करून ते खरे आहे असे मी म्हणणार नाही.

कलम १. अंजनगावच्या रस्त्यावर आमच्या गावी वडिलांच्या शेतातला माझ्या वाट्याचा तुकडा आहे. तो माणिकबाईंना द्यावा. त्या तो बटाईने वाहतात. दरवर्षी माझ्या वाट्याची तूर पाठवतात आणि दरवर्षी मी ती मोजून घेते. सांगितल्यापेक्षा नेहमी थोडी जास्तच भरते. यामागे काय डाव आहे म्हणून मी एकदा न सांगता शेतावर जाऊन आले. डाव नव्हता, त्यांचे मापच सैल होते. हल्ली आमच्या भागात शेतकऱ्यांची पाहणी करणारे फार येतात. कोणी कॅमेरा आणतो, कोणी छापील प्रश्न. त्यांतल्या एकाला मी ओळखपत्र मागितले, तर त्याने पाणी मागितले. यांच्यापैकी कोणाच्याही कागदावर माणिकबाईंनी अंगठा देऊ नये, एवढी माझी त्यांना ताकीद आहे.

कलम २. राहते घर भावाचा मुलगा गोपाल याला द्यावे. दुसरा कोणी नाही म्हणून. घराच्या मागच्या खोलीत माझा संगणक आहे आणि गोपालची त्या खोलीवर नजर आहे. तिथे त्याला शिकवणी वर्गासाठी भाडेकरू ठेवायचा आहे. मागच्या दिवाळीत तो म्हणाला, “आत्या, ते डबडं काहून सांभाळून राहिली तू? त्याहून जास्त हिशेब माया मोबाइल करते.” मी म्हणाले, “मंग तुह्या मोबाइललेच आत्या म्हन.” तो हसला, पण त्याच्या मनातून ते गेले नाही. संक्रांतीला मी दवाखान्यात असताना त्याने भंगारवाला घरी आणला. मी जिवंत असताना! त्या दिवशी त्याची बायको आरती दारातच उभी राहिली आणि भंगारवाल्याला म्हणाली, “चाबी सापडून नाही राहिली भाऊ, मंग या कधी.” चावी तिच्या कमरेला होती. हे मला शेजारणीने सांगितले. आरतीला त्यातून काय साधायचे होते ते मी अजून शोधत आहे.

खोलीत शिकवणी वर्ग काढू नये. गणित ओरडून शिकवणारे लोक मला मेल्यावरही ऐकवणार नाहीत.

कलम ३. बँकेतली शिल्लक गोपाल आणि आरती यांना एकत्र द्यावी. दोघांच्या सह्यांशिवाय एक रुपयाही निघू नये. तेरवीचे जेवण घालू नये. जे येतील त्यांतले निम्मे खोली बघायला येतील.

कलम ४. सोल्डरिंगची सळई, पेचकसांचा संच आणि भिंग वरूडचे संत्र्यांचे व्यापारी रामराव यांना द्यावे. आता रामराव कोण आणि त्यांचा माझ्याशी काय संबंध, हे सांगावे लागेल, नाहीतर गोपाल भलतेच काही सांगेल.

शाळेला सरकारी योजनेतून बीबीसी मायक्रो नावाचा संगणक आला तेव्हा मी चाळीस-पंचेचाळीसची होते. त्याला हात लावायला मुख्याध्यापक घाबरत, म्हणून तो माझ्याकडे आला. मुलींनी त्यावर रांगोळ्या काढल्या, पाढे केले, एकीने बसचे वेळापत्रक केले. पुढे नवे संगणक आले आणि याच्यावर पाहुण्यांचे हार ठेवू लागले. शाळेने जुने सामान लिलावात काढले तेव्हा मी तो सोडवून घरी आणला. रामरावांकडे स्पेक्ट्रम नावाचा संगणक आहे, पाटीएवढा, रबरी कळांचा. ते तो संत्र्यांच्या पेटीत, गवतात गुंडाळून आणतात. तिसरे अकोल्याचे कुर्बानभाई. ताजनापेठेत त्यांचे साड्यांचे दुकान आहे. त्यांच्याकडेही माझ्यासारखाच बीबीसी आहे, तिकडच्या एका शाळेच्या भंगारातून घेतलेला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही तिघे माझ्या घरी जमतो. वीज असेल तर यंत्रे चालवतो, नसेल तर उघडतो.

आमच्याकडच्या उन्हाने या यंत्रांतल्या चिपा तापतात, निवतात आणि हळूहळू आपल्या खाचेतून वर सरकतात. त्यात काळ्या मातीची धूळ. म्हणून प्रत्येक चिप उपटायची, तिचे पाय शाळेच्या खोडरबराने पुसायचे आणि ती परत दाबून बसवायची. खोडरबराची युक्ती माझी. आणखी एक नियम आहे. आपल्या यंत्राचे पाय आपण पुसायचे नाहीत, कारण आपल्या यंत्राबाबत माणूस आंधळा असतो. माझे यंत्र कुर्बानभाई पुसतात. मी समोर बसते आणि त्यांच्या हातांवरून नजर काढत नाही, चहा करायला उठेपर्यंत.

कलम ५. माझा संगणक, त्याचा पडदा आणि फ्लॉप्या यांबद्दल. यावर मी फार विचार केला आहे. गोपालला दिला तर विकेल. शाळेला दिला तर परत हार येतील. रामराव तो काचेच्या कपाटात ठेवून व्यापाऱ्यांना दाखवतील.

राहिले कुर्बानभाई. त्यांनी काही वर्षांपूर्वी आपले यंत्र आणणे बंद केले. तेव्हापासून ते लॅपटॉप घेऊन येतात. त्यात एम्युलेटर म्हणून एक प्रोग्रॅम आहे, तो आमच्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेतो. तोच पडदा, तीच अक्षरे, चालू होतानाचा तोच आवाज. मी विचारले, “तुमचं खरं यंत्र कुठं गेलं?” तर म्हणाले, “आता वजन उचलनं होत नाही, मॅडम. हे बरं हाय, खांद्यावरच्या झोऱ्यात मावते.” ज्याचे नकलेवर भागते त्याला अस्सल कशाला द्यायचे? तरी माझ्या यंत्राजवळ ते हटकून बसतात. माझ्या फ्लॉप्यांच्या नकला करून लॅपटॉपमध्ये ठेवू का, असेही विचारतात. मी परवानगी दिलेली नाही. त्या फ्लॉप्यांवर शाळेतल्या मुलींची कामे आहेत.

म्हणून माझी इच्छा अशी की, माझ्यामागे हे यंत्र माझे डॉक्टर ढोरे यांच्या देखत कौंडण्यपूरला नेऊन वर्धा नदीच्या डोहात सोडावे. कोणाच्याच हाती लागू नये.

येथवर मी होळीच्या आसपास लिहिले. पुढचे उन्हाळ्यात लिहीत आहे. मसुदा स्वच्छ उतरवून काढा असा वकिलांचा आग्रह आहे. मी उतरवणार नाही. स्वच्छ कागदावर माणसाला मागे काय वाटत होते ते लपवता येते.

कलम ६. आपल्या मालकीचे काय आहे ते डोळ्यांनी पाहूनच लिहावे, म्हणून मी एका दुपारी यंत्र उघडले. एकटीने. लिलावातून आणले त्याच आठवड्यात मी प्रत्येक चिपेच्या पोटाखाली हिंगुळाचा ठिपका दिला होता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावतात तोच हिंगूळ, भावाकडून मागून आणलेला. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. ठिपका पोटाखाली असल्याने समोर बसून दिसतही नाही.

पाच चिपांना ठिपका नव्हता.

पडद्यावर चित्र काढणारी, कळा ओळखणारी आणि आणखी तीन. पहिल्यांदा वाटले रंग उडाला असेल. भिंगाने पाहिले. बाकीच्यांवर तो आजच दिल्यासारखा लाल होता. हृदयाची गोळी घेतली आणि मग बसून नीट विचार केला. माझ्याखेरीज या यंत्राला हात लावणारा माणूस एकच. चहाला उठण्याइतका वेळ त्याला दर महिन्याला मिळतो. माझ्या चांगल्या चिपा त्याने नेल्या आणि आपल्या कमअस्सल बसवल्या. यंत्र बंद पडले नाही यातच त्याची हुशारी. आणि मी त्याला चहात साखर किती ते विचारत होते!

हे वाचणाऱ्याने लक्षात घ्यावे की मला आनंद झाला. इतकी वर्षे सगळे म्हणत, बाई उगाच संशय घेतात. आता पुरावा माझ्या हातात होता.

कलम ७. मी कोणालाही न सांगता एस.टी.ने अकोल्याला गेले. दुकानात कुर्बानभाई एका गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होते. लग्नसराई असून दुकानात दुसरे कोणी नव्हते. कापसाच्या गावांतली लग्ने आता एकाच साडीत उरकतात, हे ते नेहमी सांगतात. मला पाहून ते उठले. “मॅडम, तुमी? कळवलं असतं त मी आलो असतो स्टँडवर.”

“तुमचं यंत्र पाहायचं आहे,” मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. तेवढे मला पुरेसे होते. “आज काहून? घरी पसारा हाय.”

“पसाऱ्यातच पाहते.”

दुकानाच्या मागेच घर. त्यांच्या बेगम कुलसुमबी यांनी पाणी दिले, ते मी तसेच ठेवले. कुर्बानभाईंनी माळ्यावरून यंत्र काढले. मी पेचकस सोबत नेला होता, झाकण मीच उघडले. आत पाच खाचा रिकाम्या होत्या. बाजूला एक सुपारीची डबी चिकटवलेली होती. तीत माझ्या पाच चिपा, प्रत्येकीच्या पोटावर लाल ठिपका.

मी काय बोलले ते सगळे लिहीत नाही. चोर हा शब्द मी वापरला, कुलसुमबींच्या देखत वापरला.

कुर्बानभाई यंत्रापासून दोन हात मागे सरकले. मग म्हणाले, “लावून पाहा.”

“काय?”

“तुमच्या हायेत ना? लावून पाहा या मशीनमंदी. मी हात नाही लावत.”

मी लावल्या. सगळे पाय नीट बसवले. वीज होती. कळ दाबली. पडदा काळा. परत काढल्या, खोडरबराने पुसल्या, परत लावल्या. काळाच. मग त्यांचा लॅपटॉप बंद होता तरी मी तोही तपासला, काय म्हणून ते आता आठवत नाही.

“मेलेल्या हायेत त्या,” कुर्बानभाई म्हणाले. “पयली गेली ती चित्राची. आठवते का, तुमच्या पडद्यावर आडव्या रेघा येऊन राहिल्या होत्या? तुमच्याकडं दिवसभर लाइट नाही, अन् आली का एकदम एवढी येते का बलब फुटते. त्यानंच जळली. मंग मायी काढून तुमच्यात बसवली. बाकीच्याबी तशाच.”

त्या रेघा मला आठवत होत्या. शेवटच्या रविवारी पाय पुसले आणि रेघा गेल्या, म्हणून मी महिनाभर खोडरबराचे कौतुक सांगत फिरले होते. रामरावांना मी वरूडला एक अख्खा डबा पाठवला होता. दर वेळी यंत्र अडखळे, दर वेळी कुर्बानभाई पाय पुसत आणि ते सुधारे. यंत्र जिवंत आहे ते माझ्या युक्तीने, असे मी धरून चालले होते. आणि हा मनुष्य समोर बसून “वा मॅडम, तुमचा खोडरबर म्हणजे खोडरबर” म्हणत होता.

“मला का नाही सांगितलं?”

“सांगतलं असतं त तुमी म्हनल्या असत्या का म्याच जाळली.”

मी तेच म्हणाले असते. त्यात शंका नाही.

“अन् मंग तुमी मशीनले हात लावू नसता देला,” ते पुढे म्हणाले. “मशीन बंद. रविवार बंद. इथं घरी चालली त मी एकटाच पाहीन, मॅडम. हिले मशीनचा आवाजबी आवडत नाही. तुमच्या घरी चालली त तिघं पाहतो.”

कुलसुमबी आतून म्हणाल्या, “झूट. आवाज आवडते मले. हे रात्रभर बसते, ते नाही आवडत.”

“आणि या मेलेल्या चिपा का ठेवल्या?” मी विचारले. अजूनही मला कुठेतरी गाठ सापडेल असे वाटत होते.

“तुमची वस्तू हाय. फेकू कशी?”

एम्युलेटरचे कोडेही मग सुटले. आपल्या यंत्राच्या चिपा माझ्या यंत्रात बसवल्यावर यांच्यापाशी उरले होते ते सोंग. आणि त्यावरून मी त्यांना दर महिन्याला टोमणे मारत आले. पाणी मी प्यायले. दोन पेले प्यायले. मला लाज वाटली, ती मी येथे शब्दात लिहून ठेवते, कारण तोंडाने मला ते सांगता आले नाही. येताना कुलसुमबींनी एक साडी पुढे केली. मी ती नाकारली, मग कुर्बानभाईंनी ती स्टँडवर परत पुढे केली तेव्हा बसमध्ये चढताना घेतली.

कलम ८. वरील कलम पाच रद्द. नदीत काहीही सोडू नये.

घरी येऊन मी संगणकाचे नवे कलम लिहायला घेतले. सगळे यंत्र कुर्बानभाईंना द्यावे, असे लिहिले आणि अडले. जे माझे नाही ते मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही. पेटी माझी, कळफलक माझा, पडदा माझा. पण ज्या पाच चिपांमुळे ते सगळे चालते त्या माझ्या नाहीत, आणि दुसऱ्याची वस्तू मी मरेपर्यंत वापरायची आणि मग उदारपणे त्यालाच द्यायची, हा प्रकार मला गोपालच्या भंगारवाल्यापेक्षा वाईट वाटला.

म्हणून जूनच्या पहिल्या रविवारी, आमचा रविवार नसताना, मी त्या पाच चिपा स्वतः उपटल्या, रुमालात बांधल्या आणि अकोल्याला नेल्या. कुर्बानभाई ऐकेनात. “हे काय, मॅडम! तुमची बंद पडंल ना!” मी म्हणाले, “पडू द्या. माझ्यामागे ती कोण चालवणार आहे? तुमची चालली पाहिजे.” त्यांनी माळ्यावरून यंत्र काढले. मीच बसवल्या. पहिल्याच दाबाला त्यांचे यंत्र बोलले, आधी जाड आणि मग बारीक, आणि पडद्यावर अक्षरे आली. कुर्बानभाईंनी टोपी काढून डोळे पुसले. मी पुसले नाहीत, माझा चष्मा होता.

माझे यंत्र आता बंद आहे. रोज सकाळी ते लावायची मला सवय होती, मागच्या खोलीत गेले की हात कळेकडे जातो. मला त्याचे फार वाईट वाटते. आमचा रविवार यापुढे अकोल्याला. झडप चालेल तोवर मी जाईन. रामराव थेट बसने येतील.

बंद यंत्राची पेटी आरतीला द्यावी. तिने चावी का लपवली हे मी तिला शेवटी विचारले. ती म्हणाली, “तुमी दवाखान्यात होत्या, आत्या. परत येऊन काय पाहिलं असतं तुमी?” उत्तर मी दोन दिवस उलटसुलट करून पाहिले. त्यात मला खोट सापडली नाही.

फ्लॉप्यांवर मुलींनी केलेले जे आहे त्याच्या नकला करायला माझी परवानगी आहे. एम्युलेटरवर त्या चालाव्यात. त्या मुली आता बायका झाल्या असतील. कोणी येऊन आपले नाव सांगितले तर तिची रांगोळी तिला दाखवावी, ओळखपत्र मागू नये.

माझ्यामागे कोणीही, विशेषतः गोपालने, बाईंनी कुर्बानभाईंना संगणकाचे भाग दिले असे म्हणू नये. दिले नाहीत. परत केले.

मृत्युपत्राने ज्याला काही मिळते त्याने त्यावर साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकिलांनी मला बजावले. मी नावे चाळत बसले. शेती, घर, पैसे, हत्यारे, पेटी, काही ना काही प्रत्येकाला जाते. कुर्बानभाईंना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. म्हणून मी जे लिहिले ते माझ्याच मनाने लिहिले, हे जगाला सांगायला पहिला साक्षीदार मी त्यांना नेमते. ते आज सकाळच्या गाडीने आले आहेत. मी सही करताना ते समोर बसून माझ्या हाताकडे पाहत आहेत, आणि मी चहाला उठणार नाही.

सही: गोदावरी पुंजाराम निंभोरकर

आमच्या देखत बाईंनी वर सही केली, आणि बाईंच्या देखत आम्ही खाली केल्या:

१. कुर्बान हुसेन करीम हुसेन, साडी व्यापारी, ताजनापेठ, अकोला
२. डॉ. उत्तमराव ढोरे, अमरावती (बाईंची शुद्ध तपासली. त्यांनी माझी पदवी तपासली.)

ठिकाण: अमरावती
तारीख: १७ जून २००७